बडोदे, 1961: सकाळी कोळसा, दुपारी कल्पसूत्र

रात्रभर धावलेली गुजरात मेल पहाटे बडोदे स्टेशनात शिरते. तुमच्या केसांत इंजिनाची काजळी आहे, काखेत कागदांची गुंडाळी, हातात वळकटी. जून 1961. पावसाचा पत्ता नाही. नवे पैसे येऊन चार वर्षं झाली तरी टांगेवाला भाडं आण्यांतच सांगतो, आणि तुम्ही मनातल्या मनात हिशोब जुळवत बसता. मोबाइल मागेच राहिलाय, तो या प्रवासात आणता येत नाही. इथे चित्र पाहायचं तर ते असेल तिथवर चालत जावं लागतं, नाहीतर कुणीतरी पडद्यावर दाखवील त्या दिवसाची वाट बघावी लागते.

खोली दांडिया बाजारात मिळाली आहे. गेल्या वर्षी, 1 मे 1960 ला, मुंबई राज्याची दोन राज्यं झाली आणि बडोदे गुजरातेत आलं, पण या गल्लीत सकाळी ऐकू येते ती मराठीच. गायकवाडांच्या चाकरीत आलेल्या घराण्यांची मराठी, मधूनच गुजरातीचा हेल घेणारी. पु. आ. चित्र्यांचं ‘अभिरुची’ मासिक याच गावातून निघालं. घरमालकीणबाई तुमची वळकटी, मग तुमचे हात आणि मग नुकती रंगवलेली भिंत पाहतात.

“चित्रकलेला का? बाळ, कोळसा-बिळसा भिंतीला लागला तर चुन्याचे पैसे तुझ्याकडून घेईन हं. आणि उपाशी जाऊ नकोस, पोहे झालेत.”

“हो, काकू.”

पोहे खाऊन निघा. विद्यापीठाच्या कला शाखेचा प्रचंड घुमट लांबूनच दिसतो. तुम्हाला जायचंय ते पुष्पबागेत, फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्समध्ये. महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 मध्ये स्थापन झालं, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या आणि पाठोपाठ 1950 मध्ये ही शाखा सुरू झाली. मुंबईचं जे. जे. 1857 पासून आहे, त्याची थोरवी कुणी नाकारत नाही. पण तिथून मिळतो तो डिप्लोमा. इथे अर्थशास्त्राच्या, रसायनशास्त्राच्या मुलांसारखीच विद्यापीठाची पदवी मिळते, आणि ती हवी तर हाताच्या कामाबरोबर कलेचा इतिहासही शिकावा लागतो. हे दोन विषय एकाच मुलाच्या एकाच दिवसात बसवायचे, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे अजूनही ‘थिअरी’ म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायची गोष्ट अशी समजूत आहे. तुम्हाला इथे आणलंय ते ती समजूत मोडायला.

सकाळचा तास मॉडेलचा. चौथऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ बसलेत, एक हात गुडघ्यावर, दुसरा लोंबता. तुमच्यापुढे ईझल, त्यावर चापाने लावलेला इम्पीरियल कागद, हातात कोळशाची कांडी. खोडायला पावाचा मऊ गर, तो चिमटीत मळून गोळी करायची. तुम्ही डोळ्यांपासून सुरुवात करता, कारण चेहऱ्यात आधी डोळेच दिसतात. पंधरा मिनिटांत दोन्ही डोळे सुरेख होतात, पापण्यांसकट. मग डोकं त्यांच्याभोवती बसेनासं होतं. मान भलतीकडे निघते, खांदा कागदाबाहेर जातो.

मागे येऊन उभे राहिलेले अध्यापक काही न बोलता एक दोरा पुढे करतात. त्याच्या टोकाला शिसं बांधलंय: गवंड्याचा ओळंबा. दोरा डोळ्यांसमोर धरा, एक डोळा मिटा. कानाच्या पाळीतून सोडलेली रेघ कुठे पडते? तुम्हाला वाटलं होतं खांद्यावर. ती पडते चक्क बैठकीवर, नितंबाच्याही मागे. म्हणजे म्हातारबुवा मागे रेललेत, आणि तुम्ही त्यांना ताठ बसवलं होतं.

“आधी बसणं बघा,” ते म्हणतात, “मग बसलेला माणूस.”

पावाचा गर घेऊन तुम्ही ते दोन सुरेख डोळे पुसता. जिवावर येतं, पण पुसता.

दुपारी दुसऱ्या खोलीत खिडक्यांचे काळे पडदे ओढलेले असतात. प्रोजेक्टरचा पंखा घरघरतो, तापलेल्या धुळीचा वास येतो. तास घेतायत गुलाममोहम्मद शेख. सहा वर्षांपूर्वी ते स्वतः सुरेंद्रनगरहून इथे शिकायला आले, आणि गेल्या वर्षापासून कलेचा इतिहास शिकवतायत. वय जेमतेम चोवीस, म्हणजे तुमच्याहून फार मोठे नाहीत, आणि चित्रकारच. पडद्यावर कल्पसूत्र या जैन पोथीचं एक पान येतं. लाल पार्श्वभूमी, पिवळी-सोनेरी माणसं, टोकदार नाकं. चेहरे तीनचतुर्थांश वळलेले आहेत, आणि पलीकडचा डोळा गालाची रेघ ओलांडून सरळ बाहेर, हवेत.

वर्गात कुणीतरी हसतं. तुम्हालाही हसू येतं. सकाळच्या ओळंब्याने हा डोळा मोजला तर तो चेहऱ्यावर नाहीच.

वहीच्या पानावर तुमच्या बोटांचे काळे ठसे उमटलेत. ते राहू द्या आणि ती आकृती उतरवून घ्या. नुसती टिपणं घेऊन भागणार नाही. नाकाची रेघ कपाळापासून एका दमात खाली येते, वळते, हनुवटी करते. मग डोळा: वरची कमान, खालची कमान, दोन्ही कानाकडे लांब खेचलेल्या, मधोमध बुबुळाचा ठिपका. दुसरा डोळा अर्धाच काढून बघा, सकाळी शिकलात तसा, गालाआड लपवून. आकृती एकदम मिटते, समोरच्या माणसाकडे बघेनाशी होते. पुन्हा पूर्ण काढा, बाहेर. आता ती बघते. हा डोळा असा का, यावर विद्वानांची मतं वेगवेगळी आहेत आणि ती सगळी तुम्हाला वाचावी लागतील. पण मतं वाचायच्या आधी तुमच्या मनगटाला एवढं कळलंय, की काढणाऱ्याला गाल ठाऊक होता आणि त्याने तो जाणूनबुजून ओलांडला.

त्याच पानाच्या मध्यावर एक रंगीत टिकली आहे, आणि दोन्ही समासांत एकेक. नक्षी म्हणून ती डोळ्यांआड करू नका. पोथ्या आधी ताडपत्रावर लिहीत. पानं लांब, अरुंद. भोकं पाडून त्यांतून दोरी ओवायची. चौदाव्या शतकात पश्चिम भारतातल्या या पोथ्या कागदावर येऊ लागल्या. कागद हवा तेवढा रुंद कापता आला असता, पण पान आडवंच राहिलं. दोरीची गरज संपली आणि भोकाच्या जागी टिकली आली. कोळशाने बरबटलेल्या वहीत ती टिकली काढताना तुम्हाला जे वाटतं ते सनावळ्या घोकून कधी वाटलं नसतं. साहित्य बदलतं आणि हात जुनं वळण धरून राहतो. उद्या तुम्ही कोळसा सोडून तैलरंग घ्याल तेव्हा तुमचाही हात हेच करणार आहे.

जुलैत पाऊस लागतो. 13 तारखेला घरी येता तेव्हा चूल थंड असते. काकू रेडिओसमोर बसलेल्या. आदल्या दिवशी पानशेत धरण फुटलं, पुण्यात पाणी शिरलं. त्यांची धाकटी बहीण नारायण पेठेत राहते. तुम्ही पिठलं-भात करता, त्या जेवत नाहीत. पुढच्या आठवड्यात पोस्टकार्ड येतं: माणसं सुखरूप, घरातलं काही राहिलं नाही. त्या दिवशी तुम्ही वर्गाला जात नाही. काकू सांगतात आणि तुम्ही उत्तराचं पत्र लिहिता, दोन्ही बाजू भरून.

पाऊस ओसरला की तुम्ही सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये जाऊन बसू लागता. विश्वामित्रीच्या काठची बाग, त्यातली ती 1894 ची इमारत. लहान मुलांना घेऊन लोक येतात ते ममी आणि देवमाशाचा सांगाडा पाहायला. तुम्ही वळा अकोट्याच्या कांस्यमूर्तींकडे. अकोटा म्हणजे शहराच्या पश्चिमेचं गाव. 1951 मध्ये तिथे 68 जैन मूर्तींचा साठा सापडला, पाचव्या शतकापासून अकराव्यापर्यंतचा. उमाकांत शाहांचं त्यांच्यावरचं पुस्तक दोनच वर्षांपूर्वी, 1959 मध्ये आलंय. दहा वर्षांपूर्वीपर्यंत या मूर्ती जमिनीखाली होत्या. त्यांच्याबद्दल अजून सगळं सांगून झालेलं नाही, आणि तुम्ही इथे स्टूल घेऊन बसलायत.

जीवंतस्वामीपुढे बसा. संन्यास घेण्याआधीचा महावीर: राजपुत्र आहे म्हणून मुकुट आणि दागिने, आणि उभा आहे तो ध्यानात. उंची बेताचीच. पेन्सिल काढा आणि ओळंब्याचा दोरा धरा, सवय झालीच आहे. इथे रेघ कुठेच चुकत नाही. अंग दोन्ही पायांवर सारखं तोललेलं. सकाळचे म्हातारबुवा रेलतात, कलतात, थकतात. हा थकत नाही, आणि ते न थकणं कुणीतरी मोजून घडवलेलं आहे. काही मूर्तींच्या डोळ्यांत चांदी बसवलेली आहे. सायंकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं की अंगाचा धातू काळवंडतो आणि डोळे तेवढे उजळतात. पोथीतल्या चित्रकाराने गालाबाहेर काढलेला डोळा तुम्हाला आठवतो. मध्ये कित्येक शतकं आहेत, साहित्य वेगळं आहे, पण बघणाऱ्याला गाठायची ओढ दोघांनाही आहे. हा विचार वहीत लिहून ठेवा. वर्गात मांडाल तेव्हा त्याला विरोध होईल, आणि व्हायलाच हवा.

वरच्या दालनात युरोपीय तैलचित्रं आहेत, सयाजीरावांच्या काळात विलायतेहून आणवलेली. ग्रंथालयातल्या स्कीरा प्रकाशनाच्या पुस्तकांत रंगीत छापील चित्रं चिकटवलेली असतात आणि त्या पुस्तकांवर मुलांच्या उड्या पडतात. पण छापलेल्या चित्रात रंगाला जाडी नसते. इथे कॅनव्हासच्या कडेला उभं राहून तिरपं बघा: उजेडाच्या जागी रंग थापलेला, सावलीत इतका पातळ की विणीचा धागा दिसावा. हे कळायला चित्रच हवं. चालत जाण्याच्या अंतरावर अशी चित्रं असलेली गावं तेव्हाच्या हिंदुस्थानात फार थोडी होती, आणि ही शाखा बडोद्यात रुजली त्याला हेही एक कारण आहे असं मी मानतो. शहर आधीच तयार होतं. इथल्या कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले. रवी वर्म्याने गायकवाडांसाठी 14 पौराणिक चित्रं केली.

आणि कीर्तिमंदिर आहे. तुम्ही तिथे पहिल्यांदा जाता ते मित्राच्या सायकलवर डबलसीट. सयाजीरावांनी घराण्याच्या स्मरणार्थ बांधलेली ही वास्तू 1936 ची. आत मान वर करा. वरच्या भिंतींवर नंदलाल बोस: गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा, अभिमन्युवध. 1939 पासून 1946 पर्यंत शांतिनिकेतनातून येऊन त्यांनी ही चित्रं केली. राजवाड्यातल्या रवी वर्म्याच्या देवता खऱ्याखुऱ्या बायकांसारख्या, खऱ्या रेशमात, खऱ्या उजेडात उभ्या असतात. नंदलालबाबूंची माणसं रेघेने जगतात, आणि भिंत भिंतच राहते, तिला खिडकी होऊ देत नाहीत. दोघांमध्ये पन्नास वर्षं आणि थोडंसंच अंतर. तुमचा मित्र रवी वर्म्याला मोडीत काढतो, हल्ली तशी पद्धतच आहे. त्याचं ऐकून घ्या, पण मान्य करू नका. ते ओलं वाटणारं रेशीम किती अवघड असतं, हे तुम्हाला मॉडेलच्या तासानंतर ठाऊक आहे.

तुमच्या शिक्षकांतही हे सगळे प्रवाह वाहतायत. चित्रकला विभाग सुरुवातीपासून घडवला तो नारायण श्रीधर बेंद्र्यांनी. ते इंदूरचे, तिथे देवळालीकरांकडे शिकलेले. शिल्पाला शंखो चौधुरी आहेत, रामकिंकर बैजांचे विद्यार्थी. आणि मुंबईला हातमाग मंडळात दोन वर्षं काढून याच वर्षी के. जी. सुब्रमण्यन परत आलेत. ते नंदलालबाबूंचे विद्यार्थी. मुलं त्यांना मणिसर म्हणतात. ज्याचा इतिहास तुम्ही दुपारी शिकता त्याच्या हाताखाली शिकलेला माणूस सकाळी तुमच्या वर्गात वावरतोय.

शिल्पाचा उपविषय घेतलात हे बरं केलंत. अंगणात लोखंडी सळईच्या सांगाड्यावर माती चढवायची. ओली माती वजनाने घसरते, म्हणून आत तारेला बांधलेले लाकडाचे छोटे तुकडे लोंबत ठेवायचे, माती त्यांना धरून राहते. मुंडकं तयार झालं की त्यावर प्लास्टरचा साचा. पहिल्या पातळ थरात धुण्याची नीळ घाला. त्यावर पांढरा जाड थर. साचा सुटला की माती काढून टाकायची, आतून साबण-तेल लावून नवं प्लास्टर ओतायचं आणि मग बाहेरचा साचा छिन्नीने फोडायचा. ठकठक करत पांढरं उडवत जाता. निळा रंग दिसला की हात आवरायचा, कारण तिथून मूर्ती बोटाच्या पेरावर असते. पहिल्याच खेपेला निळं ओलांडून तुमची छिन्नी कानात शिरते. शेजारचा मुलगा कानाचा तुकडा शोधून देतो. त्यानंतर म्युझियममध्ये जाल तेव्हा कांस्यमूर्तीकडे बघणं बदललेलं असेल. ती आधी मेणाची होती, मेणाभोवती माती लिंपली, मेण वितळून गेलं आणि त्या पोकळीत धातू ओतला. साचा फोडताना त्या घडवणाऱ्याच्या पोटात काय झालं असेल, ते तुम्हाला पुस्तकात शोधावं लागत नाही.

थंडी पडते तशी पुष्पबागेत फाइन आर्ट्स फेअरची गडबड सुरू होते. हा मेळाही 1961 चाच, नवाकोरा. शिक्षक आणि मुलं मिळून खेळणी, मुखवटे, बाहुल्या करतात आणि गावकऱ्यांना परवडतील अशा किमतीला विकतात. मणिसरांची लाकडी खेळणी चामड्याच्या तुकड्यांनी आणि मण्यांनी जिवंत होतात: दोन-चार ठोकळे, एक दोरी, आणि समोर प्राणी. वर्गात ज्याला लोककला म्हणून एक तास मिळतो, ती इथे तुमच्या हातात सरस आणि सुतळी होऊन येते. तुम्ही रात्री उशिरापर्यंत बसून घोडे रंगवता. एका घोड्याला डोळा काढताना ब्रश क्षणभर थांबतो, आणि मग तुम्ही तो तोंडाबाहेर काढता, कल्पसूत्रासारखा. दुसऱ्या दिवशी एक लहान मुलगी नेमका तोच घोडा उचलते. तिची आई विचारते, याचा डोळा असा काय? मुलगी म्हणते, तो माझ्याकडे बघतोय.

19 डिसेंबरला रेडिओवर गोवा मुक्त झाल्याची बातमी येते. वर्गातली म्हापशाची मुलगी धावत तारघर गाठते. संध्याकाळी काकू शिरा करतात आणि गल्लीभर वाटतात. चहाच्या टपरीवर त्या रात्री गोव्यावरून गाडी तिथल्याच चित्रकार सुझावर जाते, सुझावरून हुसेनवर, हुसेनवरून बेंद्र्यांनी 1956 मध्ये काढलेल्या बरोडा ग्रुपवर, आणि भांडण पहाटेपर्यंत चालतं. मुंबईचं काय आणि बडोद्याचं काय, आपलं काय. कुणी कुणाला पटवू शकत नाही.

वर्षअखेरीस तोंडी परीक्षा. टेबलापलीकडे बाहेरगावचे परीक्षक. त्यांनी तुमची सकाळची कामं भिंतीला लावलेली पाहिली आहेत, आणि आता प्रश्न इतिहासाचा येतो: ताडपत्री पोथीतून कागदी पोथीत येताना चित्रात काय बदललं, काय राहिलं?

तुमच्याकडे पाठ केलेली तीन वाक्यं आहेत. पहिलं म्हणता, दुसऱ्यावर अडखळता. मग खडू मागून घेता. फळ्यावर लांब आडवं पान, मध्ये टिकली, दोन समासांत दोन. नाकाची रेघ एका दमात. गाल. पलीकडचा डोळा, बाहेर. परीक्षक उठून फळ्यापाशी येतात, तुमच्या हातातून खडू घेतात आणि विचारतात की मग पूर्ण एकचष्मी, एकच डोळा दिसणारा चेहरा येतो तेव्हा हा बाहेरचा डोळा जातो कुठे. पुढची वीस मिनिटं तुम्ही दोघं फळ्यापाशीच असता, पुढच्या मुलाचा नंबर खोळंबतो.

परतीची गाडी रात्रीची आहे. काकूंनी दशम्या बांधून दिल्यात, भिंत तपासलीय, चुन्याचे पैसे मागितलेले नाहीत. जायचंच असेल तर जा. पण एक सांगून ठेवतो: याच वर्षी, 1962 मध्ये, मुंबईचा एक चार्टर्ड अकाउंटंट कलासमीक्षा शिकायला पुष्पबागेत येणार आहे. नाव भूपेन खख्खर. तो समीक्षा शिकता शिकता चित्रं काढू लागेल, आणि ती चित्रं पुढे जगभर जातील. याच वर्षी शेख आणि मंडळी ‘ग्रुप 1890’ काढतील, पुढल्या वर्षी दिल्लीतल्या त्यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला नेहरू येतील आणि पुस्तिकेतला लेख ओक्तावियो पाझ लिहील. काकूंची खोली अजून कुणाला दिलेली नाही. टांगा उभा आहे, त्याला परत पाठवता येईल.